माग थांबला की इंटरप्ट मरतो आणि काउंट दुप्पट येतो: जीपीआयओ ड्रायव्हरमध्ये गडबड कुठे आहे?

मागमोजणी

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात १२ मागांचे पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या, क्रँक शाफ्टच्या एका फेऱ्याला एक) मोजायचे आहेत. सध्या एकाच मागावर जोडणी केली आहे. बोर्ड रास्पबेरी पाय ४, लिनक्स ६.६, ६४ बिट. क्रँक शाफ्टवर मध्यापासून १०० मिमीवर २० मिमी रुंद लोखंडी पत्री आणि तिच्यासमोर एम१२ इंडक्टिव्ह सेन्सर, एनपीएन, २४ व्होल्ट. सेन्सरनंतर पीसी८१७ ऑप्टोकपलर, त्याच्या कलेक्टरला ३.३ व्होल्टचा १० के पुल-अप, तिथून थेट जीपीआयओ १७, म्हणजे बोर्डाची इनपुट पिन. पत्री समोर आली की पिन लो होते. माग मिनिटाला १५० फेरे, म्हणजे दोन पल्समध्ये ४०० मिलिसेकंद.

पिनवरून इंटरप्ट आला की कर्नल (लिनक्सचा गाभा) ज्याचा हँडलर चालवतो ते ड्रायव्हर मॉड्यूल मीच लिहिलंय. रिक्वेस्ट_आयआरक्यूने इंटरप्टची लाइन (आयआरक्यू) मागताना आधी ट्रिगर फॉलिंग एज ठेवला होता, म्हणजे पिन हायवरून लो होताना एकदाच इंटरप्ट. तेव्हा तासाच्या ९००० पिकांमागे १५-२० जास्त यायचे. एकाने लेव्हल लो करून बघ म्हणून सांगितलं, ते केलं. हँडलरमध्ये केटाइम_गेटने वेळ घेतो, मागच्या मोजलेल्या पल्सला १० मिलिसेकंद झाले नसतील तर आयआरक्यू_नन रिटर्न, झाले असतील तर काउंट एकने वाढवून आयआरक्यू_हँडल्ड.

आता असं होतंय:

१. माग चालू असताना काउंट जवळपास नेमका दुप्पट.

२. माग थांबला की कधी कधी काउंट एका झटक्यात ४० ते ८० ने उडी मारतो आणि नंतर वाढतच नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) "आयआरक्यू ५७: नोबडी केअर्ड, ट्राय बूटिंग विथ द आयआरक्यूपोल ऑप्शन" आणि त्याखाली "डिसेबलिंग आयआरक्यू ५७". दर वेळी नाही, पाचात एकदा समजा. माग चालू असताना हे कधीच होत नाही.

३. हँडलरमधूनच आयटूसी एलसीडीवर आकडा लिहायला गेलो तर "बग: शेड्यूलिंग व्हाइल अॅटॉमिक".

४. आरएममॉड केल्यावर (मॉड्यूल काढल्यावर) अधूनमधून ऊप्स, म्हणजे कर्नलच्या बिघाडाचा मेसेज.

आयआरक्यूपोल देऊन बघू का? की सेन्सरच बदलू?

---

आयआरक्यू_पेठ

आयआरक्यूपोल अजिबात देऊ नका. तो ऑप्शन चुकीच्या लाइनवर येणारे इंटरप्ट शोधण्यासाठी सगळ्या ड्रायव्हरांचे हँडलर चाळत बसतो. तुमचा इंटरप्ट बरोबर लाइनवरच येतोय. सेन्सरही राहू द्या.

पहिली दोन्ही लक्षणं एकाच कारणाची आहेत. लेव्हल ट्रिगर म्हणजे पिन लो आहे तोवर इंटरप्ट येतच राहणार. लेव्हल कुठे चालतो? जिथे हँडलर डिव्हाइसच्या रजिस्टरला हात लावून "मिळालं बाबा" म्हणू शकतो आणि डिव्हाइस लाइन सोडतं. तुमच्याकडे लाइन धरून बसली आहे लोखंडी पत्री. तिला हँडलर काय सांगणार?

दुप्पट का, ते आकडे मांडून बघा. १०० मिमी त्रिज्येचा परीघ ६२८ मिमी. ४०० मिलिसेकंदात एक फेरा, म्हणजे २० मिमीची पत्री सेन्सरसमोर सुमारे १३ मिलिसेकंद राहते. लाइन लो झाली की पहिला इंटरप्ट मोजला. हँडलर संपला, लाइन अजून लो, लगेच दुसरा. तो १० मिलिसेकंदांच्या आत म्हणून नन. असे हजारो. दहावा मिलिसेकंद उलटला, लाइन अजून लोच आहे, म्हणून आणखी एक मोजला. तेराव्याला पत्री गेली. एका पिकाला दोन. पत्री १० मिमीची असती तर काउंट बरोबर आला असता आणि हा घोळ महिनोन्महिने लक्षात आला नसता.

आता माग थांबल्यावरचं. कर्नल प्रत्येक आयआरक्यूसाठी दोन आकडे ठेवतो: एकूण किती आले आणि त्यातले किती कुणीच घेतले नाहीत. एकूण १,००,००० झाले की तपासतो. न घेतलेले ९९,९०० पेक्षा जास्त असतील तर ती लाइन बंद करतो, नाहीतर दोन्ही मोजण्या पुन्हा शून्यापासून. पत्री नेमकी सेन्सरसमोर थांबली की वादळ सुरू. एका इंटरप्टला ४ मायक्रोसेकंद धरले तर लाखभर इंटरप्ट ०.४ सेकंदात होतात. तेवढ्यात दर १० मिलिसेकंदाला एक असे ४० मोजले जातात, बाकीचे ९९,९६० नन. ९९,९०० ची मर्यादा ओलांडली, लाइन बंद. थांबताना लाखाची मोजणी अर्ध्यात असेल तर तो लाख बहुधा सुटतो आणि पुढच्या लाखाला पकडला जातो, म्हणून उडी ४० ते ८०. पाचात एकदाच का, तर पत्री प्रत्येक वेळी सेन्सरसमोर थांबत नाही.

चालू मागावर हे का होत नाही, यातली मेख बारीक आहे. न घेतलेल्या दोन इंटरप्टमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त खंड पडला की कर्नल न घेतलेल्यांची मोजणी १ पासून पुन्हा सुरू करतो. तुमच्या दोन पल्समध्ये ३८७ मिलिसेकंद शांतता असते, त्यामुळे तो आकडा तीनेक हजारांच्या वर चढतच नाही. खात्री करायची असेल तर प्रॉकमध्ये आयआरक्यू, त्यात ५७, त्यात स्प्युरियस ही फाइल वाचा. दोन्ही आकडे तिथे दिसतात.

उपाय: ट्रिगर परत फॉलिंग एज करा. डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलमध्ये) दिला असेल तर तिथे ८ (लेव्हल लो) च्या जागी २ (फॉलिंग एज). आणि उसळीचा पल्स टाकून देतानाही आयआरक्यू_हँडल्डच रिटर्न करा. आयआरक्यू_नन म्हणजे "हा इंटरप्ट माझ्या डिव्हाइसचा नव्हता". मोजायचा नाही एवढ्यासाठी ते वापरायचं नसतं. क्रम मात्र पाळा. लेव्हल तसाच ठेवून नुसतं हँडल्ड केलंत तर कर्नलचं हे संरक्षणही जाईल, वादळ थांबणारच नाही, एक सीपीयू त्यातच अडकेल आणि मग आरसीयू स्टॉलचे (सीपीयू अडकल्याचे) मेसेज वाचत बसावं लागेल.

केटाइम_गेट घेताय ते योग्य. तिथे केटाइम_गेट_रिअल कधीही नको. पाय ४ वर बॅटरीचं घड्याळ नाही. लाइट जाऊन आली की बोर्ड जुन्याच वेळेवर उठतो आणि नेट मिळाल्यावर घड्याळ उडी मारतं. ते मागे सरकलं तर फरक ऋण येतो, ऋण म्हणजे १० पेक्षा कमी, आणि वेळ गाठेपर्यंत एकही पिक मोजला जात नाही.

---

ओघवता_सी

वरचं सगळं बरोबर. तिसऱ्या-चौथ्याचं मी घेतो.

हार्ड इंटरप्ट हँडलरमध्ये झोपायला बंदी आहे. आयटूसीचा ट्रान्सफर झोपतो: आधी बसचा लॉक घेतो, मग कंट्रोलरच्या स्वतःच्या इंटरप्टची वाट बघतो. त्याच पंगतीत म्युटेक्स, एमस्लीप, जीएफपी_कर्नलवाला केमॅलॉक आणि कॉपी_टू_यूजर. हँडलरमध्ये प्रिंटकेसुद्धा नको, विशेषतः सीरियल कन्सोल चालू असेल तर. ११५२०० बॉडवर ८० अक्षरांची ओळ जायला ७ मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ त्या सीपीयूवर इंटरप्ट बंद राहू शकतात.

सगळे जण लगेच रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू सुचवतील. चालेल, पण मोजणी थ्रेडमध्ये नेऊ नका. हार्ड हँडलरने आयआरक्यू_वेक_थ्रेड दिल्यावर थ्रेड उठायच्या आत दुसरी एज आली, तर "थ्रेड चालवायचा आहे" हा बिट आधीच लागलेला असतो. दोन एज, थ्रेड एकदाच. शेड्यूल_वर्कचंही तेच: काम रांगेत आधीच असेल तर दुसऱ्यांदा लागत नाही. म्हणून टाइमस्टॅम्प आणि काउंट हार्ड हँडलरमध्येच, बाकी सगळं बाहेर.

तुमच्या बाबतीत तर डिस्प्लेचा इंटरप्टशी संबंधच तोडा. १६ बाय २ एलसीडीला मागे पीसीएफ८५७४ ही आयटूसीची चिप असेल तर बस बहुधा १०० किलोहर्ट्झवर आहे. एक बाइट ९० मायक्रोसेकंद, एका अक्षराला दोन निबल, प्रत्येकाला इनेबल वर-खाली. पूर्ण पडदा लिहायला २० ते ४० मिलिसेकंद सहज जातात. एका मागाला खपेल, १२ मागांना प्रत्येक पिकाला हे करणं म्हणजे वेडेपणा. ५०० मिलिसेकंदाचं डिलेड वर्क लावा, ते स्वतःच स्वतःला पुन्हा लावेल, काउंट वाचेल आणि बदलला असेल तरच लिहील. आकडा अर्ध्या सेकंदाने उशिरा दिसला तर मुकादमाचं काही बिघडत नाही.

काउंट अॅटॉमिक६४ ठेवा, लॉकच लागणार नाही. काउंट आणि शेवटच्या पल्सची वेळ अशी जोडी एकत्र वाचायची असेल तर स्पिनलॉक घ्या, पण प्रोसेसच्या बाजूने वाचताना स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्हच. नुसता स्पिन_लॉक घेतला आणि त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला तर हँडलर त्या लॉकसाठी फिरत राहतो, लॉक धरणारा कोड पुढे सरकत नाही, बोर्ड ठार. इंटरप्ट नेहमी एकाच सीपीयूवर येत असेल आणि तुमचा प्रोसेस दुसऱ्यावर चालत असेल तर हे टेबलावर दिसतच नाही, कारखान्यात दिसतं. चाचणीच्या कर्नलमध्ये प्रूव्ह_लॉकिंग हा लॉकच्या चुका पकडणारा पर्याय चालू करा. प्रत्यक्ष अडकायच्या आधीच "इनकन्सिस्टंट लॉक स्टेट" म्हणून ओरडतो. हँडलरच्या आत मात्र साधा स्पिन_लॉक पुरतो, तिथे त्या सीपीयूवर इंटरप्ट आधीच बंद असतात.

ऊप्सचं: तुम्ही डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यू (इंटरप्ट आपोआप सोडणारं) वापरलंय आणि रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) कॅन्सल_वर्क_सिंक केलंय, असं दिसतंय. डेव्हएमच्या गोष्टी रिमूव्ह संपल्यानंतर सुटतात. म्हणजे काम रद्द केलंत, इंटरप्ट अजून जिवंत, तेवढ्यात पल्स आला, हँडलरने काम पुन्हा रांगेत टाकलं, मग मॉड्यूल मेमरीतून गेलं आणि नंतर ते काम चालायला गेलं. रिमूव्हमध्ये सगळ्यात आधी डिसेबल_आयआरक्यू, मग काम रद्द. डिसेबल_आयआरक्यू ही चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबते, म्हणून ती हँडलरच्या आतून बोलावू नका, तो स्वतःचीच वाट बघत बसेल. आतून हवंच असेल तर डिसेबल_आयआरक्यू_नोसिंक आहे.

---

जॉबर_आणि_सोल्डर

कर्नलचं झालं, पण फॉलिंग एजवर गेलात की ते तासाचे १५-२० जास्तीचे पिक परत येतील. ते खरे इलेक्ट्रिकल एज आहेत की ओ. इंडक्टिव्ह सेन्सर रीड स्विचसारखा उसळत नाही. शेजारच्या मागाचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) पडला की तारेत टोचा येतो, आणि तो मागच्या पिकानंतर १००-२०० मिलिसेकंदांनी आला तर तुमचा १० मिलिसेकंदांचा नियम त्याला अडवत नाही.

सर्किटमध्ये एक नेहमीची चूक टाळा. पिनवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला की झालं, असं बरेच जण करतात. १० के पुल-अपबरोबर १ मिलिसेकंदाचा फिल्टर मिळतो खरा, पण फक्त पिन वर जाताना. खाली येताना ऑप्टोचा ट्रान्झिस्टर तो कपॅसिटर थेट रिकामा करतो. आणि तुम्ही मोजता ती एज खाली येणारीच! कलेक्टर आणि पिन यांच्या मधे आणखी १० के घाला, कपॅसिटर पिनच्या बाजूला, पुल-अप कलेक्टरच्या बाजूला. मग दोन्ही बाजूंना वेळ लागतो. खाली येताना १ मिलिसेकंद, वर जाताना २. तुमचा पल्स १३ मिलिसेकंदांचा, त्याला धक्का नाही. इतक्या सावकाश एजसाठी मधे ७४एचसी१४ (श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर चिप) टाका, ३.३ व्होल्टवरच चालवा. तो उलटवतो, म्हणजे ट्रिगर रायझिंग होईल, डिव्हाइस ट्रीमध्ये १. हे विसरलात तर पत्री येताना नाही, जाताना मोजाल.

ऑप्टोच्या एलईडीला २४ व्होल्टवर २.२ के लावला असेल तर १० मिलिअँपिअर जातात आणि रेझिस्टरमध्ये जवळपास पाव वॅट उष्णता. पाव वॅटचा रेझिस्टर मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये टिकणार नाही. ३.३ के लावा, ७ मिलिअँपिअर पुरतात. सेन्सरची तार शील्डवाली, शील्ड एकाच टोकाला अर्थ, मोटरच्या केबलपासून लांब. कॉन्टॅक्टरच्या कॉइलला स्नबर (टोचा शोषणारं सर्किट) लावला तर मूळच दुखणं कमी होतं.

सॉफ्टवेअरमध्ये १० च्या ऐवजी २०० मिलिसेकंद ठेवा. १५० फेऱ्यांचा माग २०० मिलिसेकंदांत दुसरा पिक देऊच शकत नाही. रेपियर माग लावणार असाल तर त्याच्या वेगाप्रमाणे हा आकडा पॅरामीटरमधून द्या, कोडमध्ये कोरू नका.

आणि एक गोष्ट ज्याला ड्रायव्हर काहीच करू शकत नाही: बाणा (आडवा धागा) तुटला की विणकर माग हाताने मागे फिरवून पिक शोधतो. पत्री सेन्सरसमोरून उलटी जाते, परत सुलटी येते. एका सेन्सरला दिशा कळत नाही, दोन्ही वेळा मोजतो. मालाच्या लांबीवरून मजुरी काढणार असाल तर यावरून भांडणं ठरलेली. दुसरा सेन्सर थोडा सरकवून लावा, पल्सची लांबी अर्धी एकावर एक येईल असा. पहिल्याची एज आली तेव्हा दुसरा लो आहे की हाय, यावर अधिक की उणे. ७४एचसी१४ च्या एका चिपमध्ये सहा इन्व्हर्टर असतात, दोन सेन्सरांचे तीन माग एका चिपवर निघतात.

---

मागमोजणी

फॉलिंग एज आणि हँडल्ड केल्यावर दुप्पट गेलं, माग थांबल्यावरचा मेसेजही नाही. डिस्प्ले डिलेड वर्कवर नेलाय. सर्किट या आठवड्यात बदलतो. विणकर माग मागे फिरवतात हे खरंच आहे, दुसरा सेन्सर लावावा लागेलच.

दोन शंका. १२ मागांचे मिळून इंटरप्ट जास्त होतील का? आणि कारखान्यात न जाता हे सगळं टेबलावर तपासायचं कसं?

---

ओघवता_सी

१२ माग गुणिले सेकंदाला २.५ फेरे, म्हणजे सेकंदाला ३० इंटरप्ट, दोन सेन्सर धरले तर ६०. बोर्डाला हे जाणवणारही नाही. खरं तर एवढ्यासाठी स्वतःचं मॉड्यूल लागतच नाही. कर्नल ५.१० पासून जीपीआयओच्या कॅरेक्टर डिव्हाइसची दुसरी आवृत्ती आहे, लिबजीपीआयओडी या लायब्ररीने एज इव्हेंट थेट प्रोग्रामला मिळतात. टाइमस्टॅम्प कर्नलचा, डिबाउन्सचा (खोटे पल्स गाळण्याचा) काळही तिथेच देता येतो. एका सेन्सरवरच भागणार असेल तर काउंटर उपप्रणालीत इंटरप्ट-सीएनटी हा तयार ड्रायव्हरही आहे.

एकच काळजी: प्रोग्राम अडकला तर इव्हेंट कर्नलच्या बफरमध्ये साठतात आणि बफरचा मूळ आकार दर लाइनला १६. मागाला एक सेन्सर आणि एकच एज मोजली तर १६ भागिले २.५, साधारण ६ सेकंद. एसडी कार्डावर लिहिताना प्रोग्राम त्याहून जास्त अडकू शकतो. बफर भरला की जुने इव्हेंट गळतात. आकार वाढवून मागा, आणि प्रत्येक इव्हेंटबरोबर येणारा क्रमांक तपासा. मधला क्रमांक गायब असेल तर किती पिक गेले ते नेमकं कळतं. वाचणारा थ्रेड आणि कार्डावर लिहिणारा थ्रेड वेगळे ठेवा.

आयआरक्यू_पेठ

टेबलावर तपासायला दुसरी पिन पीडब्ल्यूएमवर (ठरावीक आवर्तनाचे पल्स देणाऱ्या सोयीवर) लावा: आवर्तन ४०० मिलिसेकंद, त्यातले १३ लो. ती ३३० ओहममधून जीपीआयओ १७ ला जोडा, ऑप्टो तेवढा वेळ काढून ठेवा. तासभर चालवून ९००० येतात का बघा, आणि प्रॉकमधल्या इंटरप्ट्स फाइलमधला आकडाही टिपून ठेवा. हार्डवेअरचा आकडा ९००० आणि तुमचा कमी असेल तर डिबाउन्स खातंय. हार्डवेअरचाच जास्त असेल तर कोड बघू नका, तार बघा.

मग मुद्दाम छळा. पिन १० मिनिटं लो धरून ठेवा, इंटरप्टचा आकडा एकने वाढून थांबला पाहिजे. चारही सीपीयूंवर ओझं टाकून पुन्हा तासभर चालवा. पल्स चालू असतानाच आरएममॉड आणि इन्समॉड शेल स्क्रिप्टमधून ५०० वेळा करा, कर्नलमध्ये केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) चालू ठेवून. रिमूव्हचा क्रम अजून चुकत असेल तर तिथेच सापडेल. हे सगळं पास झालं की मगच ऑप्टो परत लावा आणि शेजारी एखादा कॉन्टॅक्टर टकटक चालू-बंद करून बघा.